मनाच्या आजारालाही तारीखच?

कोर्टात तारीख पडते, हे आमच्या पक्षकारांच्या अंगवळणी पडलेले आहे. पण सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही तारीखच पडते, हे आम्ही स्वतः केसपेपर काढून रांगेत उभे राहिलो तेव्हा कळले. डॉक्टरांनी दहा मिनिटांत निदान केले, गोळ्या लिहून दिल्या, 'सोबत थेरपीही घ्या' म्हणाले. थेरपी देणाऱ्या बाई आठवड्यातून एकच दिवस येतात. त्यांची तारीख मिळाली पाच महिन्यांनंतरची!

आजाराचे नाव ओसीडी. मराठीत मंत्रचळ म्हणतात. (नावातच मंत्र असल्याने लोक आधी मांत्रिकाकडे जातात की काय, न कळे.) नको तो विचार डोक्यात घुसतो, जीव कासावीस होतो, तो शांत करायला माणूस एखादी कृती करतो. क्षणभर बरे वाटते आणि विचार पुन्हा हजर. दाव्याची मुदत तर टळली नाही ना, वकीलपत्रावर सही राहिली तर नाही ना, म्हणून आम्ही एकच फाईल रात्रीत वीस वेळा उघडतो. कोणी हात धुतो, कोणी गॅसचे बटण बघत राहतो. कोणाच्या मनात असे घाणेरडे विचार येतात की तो बिचारा ते कोणाजवळ बोलूही शकत नाही.

वस्तीतल्या अशाच एका भगिनीला 'फार सोवळे पाळता हो' असे ऐकवले गेले. सोवळे म्हणजे काय, हे आमच्या समाजाला कोणी शिकवू नये! सोवळे पाळणारा दुसऱ्याला घाण समजतो आणि निवांत झोपतो. ही भगिनी आपल्या हातून लेकराला अपाय होईल म्हणून भिते आणि रात्रभर जागते. नळाला पाऊण तास पाणी येणाऱ्या चाळीत हा आजार म्हणजे रोजचे भांडण. दोन्ही गोष्टी एक कशा?

मग पाच महिने करायचे काय? या आजारात गोळीचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. तिसऱ्याच आठवड्यात 'फरक नाही' म्हणून गोळ्या बंद करणारे आम्ही पाहिले आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसे करू नये. घरच्यांनीही एक समजून घ्यावे. 'झाली आहे हो सही' असे विसाव्यांदा सांगणे ही माया वाटते, पण आजाराचे खाद्य तेच. आमच्या घरी आता एकदाच सांगतात. भीतीला सामोरे जायचे पण कृती करायची नाही, हे या थेरपीचे मूळ. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली ते मांडले. आम्ही फाईल उघडणे आधी पाच मिनिटे लांबवले, मग पंधरा, मग सकाळपर्यंत. ती पहिली पाच मिनिटे कोणत्याही उलटतपासणीपेक्षा जड गेली. अर्थात हा थेरपीला पर्याय नव्हे. जीव नकोसा होऊ लागला तर तारखेची वाट न बघता तातडीच्या विभागात जावे. २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेलि मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. तो मोफत आहे, मराठीतही बोलतात.

आणि ही पाच महिन्यांची तारीख मुकाट्याने का घ्यायची? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने परवडणारी, दर्जेदार आणि पुरेशी सेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. कायद्याने नेमून दिलेल्या किमान सेवा जिल्ह्यात नसतील, तर जिल्ह्यातच अन्यत्र उपचार घ्यावेत आणि खर्च शासनाने सोसावा, असे हेच कलम सांगते. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी उपचार मोफत. ही शासनाची मेहेरबानी नाही! तेव्हा तारीख घातलेल्या केसपेपरची झेरॉक्स काढावी, कलम २८ प्रमाणे रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तिथे दाद लागली नाही तर कायद्यात पुढे मंडळ आहे. वकिलाला पैसे नसतील तर कलम २७ ने मोफत विधी साहाय्य दिले आहे. त्याचे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच सापडते.