पाणी विकणारा डोंगर
सीमेवरचं पाणी : लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात दूधगंगेच्या वाटणीचा हिशेब मांडला होता. राधानगरी तालुक्यात काळम्मावाडीला अडवलेलं पाणी सुमारे साडेपंचवीस टीएमसी, त्यात कर्नाटकाचा वाटा चार टीएमसीचा, आणि तरीही ऐन उन्हाळ्यात सदलगा-दत्तवाडच्या पट्ट्यात पात्र उघडं पडतं. वाटा कागदावर कबूल आणि नदीत वाळू, हे कोडं एकट्या आपल्याच वाट्याला आलेलं नाही. आज ते एका दूरच्या देशाच्या आधारे सोडवून पाहू. लेसोथो हा देश आकाराने बेळगाव जिल्ह्याच्या सव्वादोन पट, वस्तीने मात्र त्याच्या निम्मा, तेवीस लाखांच्या आसपास. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका. या देशातली सगळ्यात सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून १४०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, यावरून अंदाज करावा. शेतीजोगी जमीन थोडी, खनिज म्हणावं तर हिरे, आणि बाकी सगळा डोंगर. नव्वदीच्या सुरुवातीला या एवढ्याशा देशातले लाखाहून अधिक पुरुष शेजारच्या देशाच्या खाणींत राबत होते. पुढे खाणींतली ती कामं आटत गेली. डोंगरावर पडणारा पाऊस मात्र हक्काचा होता, आणि तो त्यांनी त्याआधीच विकायला काढला होता.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लेसोथोने दक्षिण आफ्रिकेशी पाण्याचा करार केला. त्याच वर्षीच्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेने लेसोथोच्या सीमा अडवल्या होत्या, पाठोपाठ तिथे लष्करी उठाव होऊन सरकार बदललं होतं. करार कोणत्या हवेत झाला हे एवढ्यावरून कळतं. तरीही त्याची आर्थिक बाजू वाचताना कौतुक वाटतं. जोहान्सबर्गच्या परिसराला पाणी हवं होतं. तेच पाणी खाली दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत आल्यावर अडवून पंपाने वर चढवायचं, तर विजेचा खर्च मोठा. लेसोथोच्या डोंगरातच अडवून बोगद्यातून सोडलं, तर ते उताराने आपसूक जातं. या दोन मार्गांच्या खर्चातला जो फरक, त्यातले ५६ टक्के लेसोथोला आणि ४४ टक्के दक्षिण आफ्रिकेला, असं ठरलं. म्हणजे उताराची किंमत काढली गेली! आपल्याकडे सह्याद्रीचा उतार फुकटात धरायची इतकी सवय झाली आहे की ही कल्पना जरा चमत्कारिक वाटेल. पाणी वाहून नेण्याच्या कामाचा खर्च खरेदीदाराने करायचा, लेसोथोच्या स्वतःच्या वीजनिर्मितीचा खर्च लेसोथोने, हेही त्यात होतं.

पुढे १८५ मीटर उंचीचं कात्से धरण उभं राहिलं, १९९८ मध्ये पाणी सुरू झालं, मग मोहाले धरण झालं. म्युएलाला ७२ मेगावॅटचं वीजघर झालं. जिथे तट्टाशिवाय जाता येत नव्हतं तिथे डांबरी रस्ते पोचले. आज वर्षाला सुमारे ७८ कोटी घनमीटर पाणी सीमेपार जातं. आपल्या मापात हे साडेसत्तावीस टीएमसी होतं, म्हणजे काळम्मावाडी काठोकाठ भरून वर दोन टीएमसी. या पाण्यापोटी लेसोथोच्या तिजोरीत अलीकडे वर्षाला शंभर कोटी रँडहून अधिक रक्कम जमा होते. ती जमा होते, कारण गेलेलं पाणी मोजलं जातं आणि मोजणीवर पैसे ठरतात.

आता त्याच कराराचं दुसरं पान. धरणात ज्यांची शेतं, कुरणं, घरं गेली त्यांच्याविषयी करार म्हणतो की त्यांचं राहणीमान आधीपेक्षा खालावू नये. वाक्य चांगलं आहे, पण त्यात आकडा नाही. पाणी घनमीटरमध्ये आणि माणसं विशेषणात! परिणाम व्हायचा तोच झाला. जलाशयाच्या काठावरच्या वाड्यांना वर्षानुवर्षं झऱ्याचं पाणी डोक्यावरून आणावं लागलं आणि भरपाईच्या तक्रारी रेंगाळत राहिल्या. राजधानी मासेरूची तहानही या प्रकल्पाने भागली नाही. तिच्यासाठी मेटोलाँगचं वेगळं धरण वेगळ्या पैशाने बांधावं लागलं. धरणाखालच्या नदीत सोडायचं किमान पाणी करारात होतं, कात्सेखाली सेकंदाला ५०० लिटर. आकडा तुटपुंजा होता. पण होता, म्हणून नदीकाठच्या लोकांचं नुकसान मोजून त्याच्यावर बोट ठेवता आलं आणि पुढे सोडायचं पाणी वाढवलं गेलं. चुकीचा आकडा दुरुस्त करता येतो. नसलेल्या आकड्याचं काय करणार?

यावर पहिला आक्षेप असा की दक्षिण आफ्रिकेच्या पैशाशिवाय हे डोंगर तसेच राहिले असते, तेव्हा मिळालं ते पदरात पाडून घ्यावं. हे निम्मं खरं आहे. रस्ते आणि वीजघर लेसोथोला स्वबळावर इतक्या लवकर जमलं नसतं. पण म्हणूनच करार करतानाच गावांचं पाणी त्यात घालायला हवं होतं. धरण झाल्यावर घासाघीस करायला हातात काही उरत नाही. दुसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा. प्रकल्पाच्या मुख्य अधिकाऱ्याला परदेशी कंपन्यांकडून लाच घेतल्याबद्दल २००२ मध्ये लेसोथोच्याच न्यायालयाने तुरुंगात पाठवलं. तेवढ्यावर न थांबता लाच देणाऱ्या बड्या कंपन्यांनाही दोषी ठरवलं, आणि त्यांतल्या एका कॅनडियन कंपनीवर पुढे जागतिक बँकेने बंदी घातली. एवढ्या छोट्या देशाने हे केलं, याकडे मी प्रकल्पाचा कलंक म्हणून न पाहता त्याची कमाई म्हणून पाहतो.

तिसरा आक्षेप आपल्या दारातला आणि सगळ्यात वजनदार. आपल्याकडे पाणी विकलं जात नाही. १९७६ च्या बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्याचं पाणी हक्क म्हणून वाटून दिलं, मग विक्रीच्या कराराशी तुलना कशाला? हा फरक मला मान्य आहे. सदलग्याने दूधगंगेच्या पाण्याची किंमत मोजावी असं मी सुचवत नाही. पण तिकडे घनमीटरमागे पैसा अडकलेला असतो म्हणून मोजणीची घाई दोघांनाही असते. इकडे पैसा अडकलेला नाही, म्हणून मोजायची घाई फक्त ज्याचा पंप कोरडा पडतो त्यालाच. शिवाय चार टीएमसी हा वर्षाचा आकडा झाला, आणि ऊस वर्षाच्या आकड्यावर जगत नाही. जुलैत वाहून गेलेलं पाणी मे महिन्यातल्या उसाला कसलं पुरतं?

त्यात साठा तोच आणि मागणी वाढती. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईनने कोल्हापूर शहरात पोचलं. इचलकरंजीसाठी सुळकुडाहून दूधगंगेचंच पाणी उचलायच्या योजनेला कागलपासून खालच्या गावांपर्यंत विरोध झाला. शहराची तहान खोटी नाही, कागलकरांची भीतीही खोटी नाही. धरणासाठी घरंदारं सोडलेले वरचे लोक म्हणतात, त्याग आमचा आणि भांडण तुमचं, त्यांनाही उत्तर द्यावंच लागेल. कात्सेकाठच्या वाड्यांची आणि या धरणग्रस्तांची गाठ एकाच जागी पडते: दोघांनाही शब्द मिळाला, तारीख आणि माप मिळायला झगडावं लागलं.

तेव्हा मागणी चार टीएमसीचे पाच करण्याची नको, ती लांबची लढाई आहे. डिसेंबर ते मे प्रत्येक महिन्याला सीमेवर किती पाणी यायचं ते दोन्ही राज्यांनी लिहून ठरवावं, आणि प्रत्यक्ष किती आलं ते दर पंधरवड्याला सदलग्याच्या आणि दत्तवाडच्या फळ्यावर लावावं. सदलग्याने आणि दत्तवाडने हा ठराव एकाच मजकुराचा, एकाच आठवड्यात करून आपापल्या सरकारकडे पाठवावा. धरण भरलेलं असतानाच, म्हणजे दिवाळीच्या आत.