दोन नळ्या, एक इंजिन: पिकअपला डबल सायलेन्सर लावावा का?

मागच्या वेळी अनुमानावर बोलताना आम्ही डोंगर, धूर आणि अग्नी हे न्यायशास्त्राचं जुनं उदाहरण अर्धवट सोडलं होतं. आज ते पुरं करू. फक्त आजचा धूर डोंगरावरचा नाही, पिकअप गाडीचा आहे. हसू नका, विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्याकडे चालत आला.

इथे कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीशी, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा भेटला. पिकअपवर भाजी, कडबा, मंडपाचं सामान असं मिळेल ते भाडं मारतो. गाडी जुनी घेतलेली आणि डोक्यावर हप्ते. म्हणाला, "सर, गाडी मांजरसुंब्याच्या घाटात दम टाकती. एक मिस्त्री म्हणतोय मागून दोन नळ्या काढून देतो, डबल सायलेन्सर. गाडी मोकळी होईल, आवाज पण दमदार येईल. बारा हजार मागतोय. टाकू का?" आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे विचारावं का? आम्हाला वाटतं, विचारावं. कारण त्याच्या बोलण्यात गृहीतं तीन होती आणि तिन्ही त्याला एकच वाटत होती. दोन नळ्यांनी गाडी मोकळी होते हे पहिलं. मोठा आवाज म्हणजे जास्त ताकद हे दुसरं. आणि घाटात दम लागतो तो सायलेन्सरमुळे, हे तिसरं.

आधी दोन नळ्या कुठून आल्या ते बघू. हा प्रकार अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपचा, व्ही-८ इंजिनवाल्या. तिथे आठ सिलिंडर चार-चारच्या दोन ओळींत बसवलेले असतात. प्रत्येक ओळीचा धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड वेगळा. म्हणजे इंजिनातून धूर मुळातच दोन दारांनी बाहेर पडतो, म्हणून दोन नळ्या शेवटपर्यंत नेणं तिथे स्वाभाविक आहे. मधे त्या दोन्ही नळ्या एका आडव्या तुकड्याने किंवा फुलीसारख्या जोडाने एकमेकींना जोडतात, त्याने दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि आवाजही बदलतो.

आपल्याकडचा पिकअप घ्या. बोलेरो पिकअप चार सिलिंडरचा, टाटा योद्धा चारचा, इसुझु व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्ससुद्धा चारचेच. चारही सिलिंडर एका रांगेत, मॅनिफोल्ड एक, त्याला टर्बो एक आणि टर्बोतून बाहेर येणारी नळीही एकच. अशा गाडीला मागे दोन तोंडं काढायची म्हणजे एकाच नळीला शेवटी फाटा फोडायचा. नदीच्या मुखाशी दोन कालवे काढल्याने वरच्या अंगाचं बंधाऱ्याचं दार रुंद होत नाही.

आता थोडं गणित. अडीच इंची नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ४.९ चौरस इंच येतं. पावणेदोन इंची दोन नळ्यांचं मिळून ४.८. म्हणजे मिस्त्रीने पावणेदोनच्या दोन नळ्या टाकल्या, तर वाट इंचभरही मोकळी झाली नाही. उलट धूर ज्या भिंतीला घासत जातो ती भिंत ४० टक्के वाढली. धूर लवकर थंड होणार. थंड धुरातली वाफ नळीत पाणी होऊन बसणार आणि साधं लोखंड आतून गंजणार. खरंच वाट रुंद करायची असेल, तर मोठी एकच नळी बरी. टर्बोवाल्या डिझेल इंजिनात टर्बोच्या पुढची वाट मोकळी असणं चांगलं, हे खरं आहे. पण कंपनीने इंजिनात जाणाऱ्या डिझेलचं माप ठरवून दिलेलं असतं, ते तेवढंच राहिलं तर नुसत्या नळीने हाती फारसं लागत नाही.

मग आवाजाचं काय? इथे आमचा धंदा सुरू होतो. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण धूर अग्नीशिवाय होत नाही. पण उलटं म्हणता येत नाही. लोखंडाचा तापलेला गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. अग्नीपासून धूर निघायला ओलं सरपण लागतं. ह्या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. आता "जिथे मोठा आवाज तिथे मोठी ताकद" हे वाक्य त्याच चाळणीतून काढा. व्ही-८ गाडी गुरगुरते आणि ओढतेही. पण ती ओढते मोठ्या इंजिनमुळे. मोठं इंजिन ही इथली उपाधी. ती काढून फक्त गुरगुर आणली, तर हाती राहिला तो हेत्वाभास, आणि तोही बारा हजारांचा.

आवाज होतो कसा तेही पाहू. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोनदा धुराचा झोत बाहेर पडतो. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ८० झोत. ह्या ८० धक्क्यांचा जो घुमणारा खर्ज, तो केबिनमध्ये तासन्‌तास डोक्यात बसतो. सायलेन्सर त्याला दोन प्रकारांनी आवरतो. एक, आत कप्पे करून लाटा एकमेकींवर आपटवायच्या, म्हणजे त्या एकमेकींना खातात. दुसरा, भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती ग्लासवूल. हा दुसरा वरचे, टोचणारे स्वर चांगले शोषतो, खर्ज मात्र बराचसा सोडून देतो. बाजारात 'फ्री फ्लो' म्हणून विकतात तो बहुधा हाच. ग्लासवूल जळून उडून गेली की वर्ष-दोन वर्षांत त्याचा नुसता पत्र्याचा ढोल होतो.

डेसिबलचं मापही फसवं आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली, कानाला मात्र ती सुमारे दुप्पटच वाटते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. इथली दरी तर आवाज धरून ठेवते. कार्तिकी पौर्णिमेला पायी आलेली माणसं रात्री इथे उघड्यावर झोपलेली असतात, त्यांच्या उशाशी ही गाडी जाणार. आम्ही हे त्या मुलाला बोललो. तो म्हणाला, "सर, मी पण लहानपणी आलोय की चालत." एवढंच, आणि गप्प झाला.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आवाज आणि धूर यांचं प्रमाण मोडलं तर कलम १९०(२), त्यात पहिल्या गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड. जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडतानाचे फोटो आपण पेपरात पाहिलेच आहेत. ते बहुतेक बुलेटचे असतात, पण कायदा चाकं मोजत नाही.

आणि गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ असेल तर हात लावायचाच नाही. तिच्या धुराच्या वाटेत काजळी पकडणारी गाळणी असते, दाब आणि उष्णता मोजणारे सेन्सर असतात. ती गाळणी कापून नळी सरळ केली की इंजिनाचा दिवा लागतो, गाडी ताकद कमी करून चालते आणि काजळी सगळी बाहेर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आपल्या जिल्ह्यात पिकअपच्या हौद्यात माणसं बसतात, ऊसतोडीला जाणारी, यात्रेला येणारी. बसू नये, पण बसतात. नळीचं तोंड कुठे काढलंय याचा पहिला हिशोब त्यांच्या नाकाशी होतो.

राहिलं तिसरं गृहीत, घाटातला दम. आम्ही त्याला विचारलं, "केबिनमध्ये धुराचा वास येतो का?" म्हणाला, "येतो ना. आई शेजारी बसली की डोकं दुखतं म्हणती." मंडळी, ही खूण बारा हजारांपेक्षा मोठी होती. सायलेन्सर मागे असतो, केबिन पुढे. वास पुढे येत असेल तर गळती पुढे आहे, इंजिनपाशी. आणि मॅनिफोल्ड व टर्बो यांच्यामधे कुठे गळत असेल तर ज्या झोताने टर्बो फिरायचा तोच वाटेत निसटतो. टर्बो कमी फिरला की हवा कमी, हवा कमी म्हणजे काळा धूर आणि चढावर दम. एका कारणातून तिन्ही तक्रारी निघत होत्या.

त्याला सांगितलं, पहाटे गाडी थंड असताना बॉनेट उघडून चालू कर. मॅनिफोल्डपाशी टिक-टिक असा आवाज येतो का ऐक, जोडावर काळी काजळी दिसते का पाहा. हात लावू नको. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा रबरी होज चिरलाय का तेही बघ, एअर फिल्टर झटकून नको, बदलून पाहा. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मॅनिफोल्डचं पॅकिंग एका कोपऱ्याला जळालं होतं आणि दोन स्टड ढिले होते. दुसऱ्या मिस्त्रीने मॅनिफोल्ड उतरवून तोंड सपाट आहे का पाहिलं, नवं पॅकिंग टाकलं, स्टड बदलले. खर्च डबल सायलेन्सरच्या जवळपासही गेला नाही.

गाडीचा मूळ सायलेन्सर मात्र खालून गंजलेला निघाला, तो बदलावा लागेलच. त्यावर त्याने पुन्हा विचारलं, की आता तरी कुठला घेऊ? आमचं उत्तर असं: कंपनीच्या मापाचा, एका नळीचा, आत कप्पे असलेला घे. पत्रा साधा नको, ॲल्युमिनियमचा लेप दिलेला किंवा ४०९ जातीचा स्टेनलेस असला तर गंजाला टिकतो. नळीला वाक देताना आतून चुरगळलेली दिसली तर परत कर, कारण तिथेच वाट अरुंद होते. टांगायची रबरं नवी घे, नाहीतर खडीच्या रस्त्यावर सगळं वजन वेल्डिंगवर येतं. इंधनाच्या नळीपासून आणि ब्रेकच्या होजपासून पाइप लांब आहे ना, हे स्वतः खाली वाकून बघ. मिस्त्रीवर सोडू नको.

त्याने हे सगळं एका जुन्या पावतीच्या पाठीमागे लिहून घेतलं. "आणि आवाज?" म्हणाला. आम्ही म्हटलं, आता घाटात एकदा चढून बघ. परवा आईला घेऊन आला होता, गाडी वर लावली आणि दोघं पायऱ्या उतरून समाधीकडे गेली. गाडी आली कधी ते आम्हाला कळलंच नाही.

प्रश्न असतील तर विचारा. मात्र गाडीचा कर्जाचा हप्ता कसा कमी होईल, हे आमच्या शास्त्रात बसत नाही.