न पडता तुटणारा गुडघा : जुनाट आजाराच्या रुग्णांसाठी

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने पीडित, कोणी विचारीत नसलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः आंघोळ घातली. रुग्णसेवा हा धम्माचाच भाग होय. परंतु सेवेला माहितीची जोड नसेल, तर मायेने केलेली मालीशही अपाय करते. म्हणून गुडघ्याच्या एका दुर्मीळ पण गंभीर दुखापतीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

मांडीचा पुढील मोठा स्नायू एका जाड कंडरेने गुडघ्याच्या वाटीला जोडलेला असतो. वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत दुसरा मजबूत पट्टा जातो. त्यास वाटीचे लिगामेंट म्हणतात. या दोहोंच्या बळावर आपण पाय सरळ करतो. निरोगी माणसात ते मोठ्या जोराशिवाय सहसा तुटत नाहीत. जुनाट आजारात मात्र पायरी उतरताना किंवा खाटेवरून उठतानाही तुटू शकतात. क्वचित दोन्ही गुडघ्यांत एकाच वेळी. अशा वेळी रुग्ण पडल्यामुळे पट्टा तुटत नाही, तर पट्टा तुटल्यामुळे रुग्ण पडतो.

असे का घडते? मूत्रपिंडे निकामी झाली की मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथींचा स्राव वाढतो. हाडांतील कॅल्शियम कमी होते आणि पट्टा जेथे हाडाला चिकटतो तीच जागा ठिसूळ बनते. त्यामुळे दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांना हा धोका अधिक असतो. मधुमेहात कंडरेचे तंतू कडक होऊन लवचिकता गमावतात. ल्युपस, संधिवात यांसारखे विकार आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधेही कंडरा दुबळी करतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातील औषधांनी कंडरा तुटू शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली दिला.

पूज्य बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने व पायांच्या वेदनांनी ग्रासले होते. जुनाट आजार सर्व शरीरभर पोचतो, हे त्यावरून ध्यानी यावे.

ओळखावे कसे? गुडघ्यात अचानक ‘कट्’ असा आवाज येतो, पाय लटका पडतो, सूज येते. वाटीच्या वर किंवा खाली बोटाला खळगा लागतो. मुख्य खूण अशी, की रुग्णाला उताणे निजवून गुडघा न वाकवता पाय उचलण्यास सांगितले तर तो उचलता येत नाही.

आमच्या म्हसावद परिसरात गुडघा दुखला की तेल लावून चोळण्याची सवय आहे. येथे ते करू नये. पाय सरळ ठेवून फळीचा आधार बांधावा आणि शहादा किंवा नंदुरबार येथे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. जुना आजार व चालू औषधे त्यांना अवश्य सांगावीत. पट्टा पूर्ण तुटला असेल, तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. काही आठवडे उशीर झाला तर स्नायू आखडतो व जोडणी अवघड होते.

दुखण्यावर मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेल्या असल्यास एकाएकी बंदही करू नयेत. विद्यार्थ्यांनी एवढी माहिती घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी, ही विनंती.