मालकीचं रान आणि सरकारचा कायदा

रान वाडवडिलांनी राखलं. सारा आपण भरतो. सातबाऱ्यावर नाव आपलं. मग झाड तोडायला सरकारला का विचारायचं? गावोगाव हा प्रश्न निघतो. तो नीट समजून घेऊ.

डोंगरउतारावरच्या झाडांची मुळं माती धरून ठेवतात. त्या मातीत पाणी मुरतं. वरचं रान उघडं पडलं, की खालच्याचा बांध फुटतो. गावची विहीर लवकर आटते. म्हणून मालकीच्या झाडांवरही कायद्याची नजर असते.

महाराष्ट्रात १९६४ साली झाडतोडीचा कायदा झाला. त्यात झाडांची यादी आहे. साग, खैर, हिरडा, मोह, चिंच, ऐन ही त्यातलीच. ती तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. सागाचं लाकूड बाहेर न्यायचं, तर वाहतुकीचा पास लागतो. आदिवासी खातेदारांसाठी १९६९ सालचा वेगळा कायदा आहे. त्यांची झाडं व्यापाऱ्याला परस्पर घेता येत नाहीत.

दुसरा कायदा १९७५ सालचा, खाजगी वनांचा. तो ३० ऑगस्ट १९७५ रोजी लागू झाला. त्या दिवशी खाजगी वनं सरकारजमा झाली. मात्र रीतसर लागवडीखालची, कमाल मर्यादेतली जमीन त्यातून सुटली. वन गेल्यावर ज्याच्याकडे एकूण १२ हेक्टरांहून कमी जमीन उरली, त्याला तेवढी भरेपर्यंत परत देण्याची सोयही पुढे झाली.

खरी अडचण निराळीच आहे. वनाच्या नोटिसा कित्येक वर्षांपूर्वी निघाल्या. मालकाला त्याचा पत्ताच नाही. तो जमीन कसतच राहिला. एके दिवशी उताऱ्यावर ‘खाजगी वन’ अशी नोंद दिसली, आणि विक्री अडली, घर बांधणं अडलं. मुंबईत विक्रोळीच्या जमिनीचा असाच एक दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० जानेवारी २०१४ रोजी निकाल लागला. नुसती नोटीस काढून भागत नाही. ती मालकाला बजावली पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं.

म्हणून मंडळी, आपण काय करावं? सातबारा काढावा. ‘इतर हक्क’ हा रकाना बोट ठेवून वाचावा. वनाची नोंद असेल, तर फेरफाराचा नंबर पाहून त्याची नक्कल मागावी. १९७५ साली त्या जमिनीत कोणतं पीक होतं, याचे जुने उतारे काढावेत. मग जाणत्या वकिलाला दाखवून अर्ज करावा. अर्जाची पोच घ्यावी.

ठेकेदार म्हणतो, “दादा, इथं सही करा, बाकीचं आम्ही बघतो.” तिथे सावध राहावं. परवानगीचा कागद आधी मागावा. त्यावर गट नंबर आपलाच आहे ना? झाडं किती लिहिली आहेत? हे वाचावं, मगच सही करावी. झाड तोडून ठेकेदार निघून जातो. जमीन आपल्या नावावर असते, चौकशी आपल्या दारात येते.

आता आपल्याला अक्षर आलं आहे. पहिला कागद आपल्या जमिनीचा वाचू या.