आधी तरंगणे, मग पोहणे

छाती भरून श्वास घेतला की बहुतेक माणसांचे शरीर गोड्या पाण्यापेक्षा किंचित हलके होते आणि तरंगते. श्वास पूर्ण सोडला की बरेच जण सावकाश खाली जाऊ लागतात. खाऱ्या पाण्याचे वजन लिटरला सुमारे 1025 ग्रॅम, म्हणून समुद्रात तरंगणे सोपे. पण लाटा आणि ओढ पाहता नवशिक्याने तिथे शिकू नये.

नवशिक्या बुडू लागतो तो बहुधा डोके वर काढण्याच्या धडपडीत. डोक्याचे वजन 5 किलोच्या आसपास असते. ते पाण्यात असेपर्यंत त्याचा भार पाणी पेलते; बाहेर काढले की पाय खाली जातात, शरीर उभे होते आणि गटांगळ्या सुरू होतात. म्हणूनच पहिला धडा हातपायांचा नव्हे, श्वासाचा. छातीइतक्या पाण्यात कठडा धरून उभे राहावे, तोंडाने श्वास घ्यावा, चेहरा बुडवून नाकातोंडाने हळूहळू बुडबुडे सोडावेत. हे कंटाळवाणे वाटते, पण नाकातोंडात पाणी जाण्याची भीती याच सरावाने जाते. यात घाई करू नये.

मग उताणे तरंगणे. कान पाण्यात, नजर वर, पोट उचललेले, मान सैल. फुप्फुसांमुळे छाती वर राहते, पाय मात्र थोडे खाली जातात. हात डोक्यामागे लांबवले तर पायही वर येतात. यातून उभे राहणेही तेवढेच घोटावे: हनुवटी छातीकडे, गुडघे पोटाशी, मग पाय तळाला. हे जमले की धीर आपोआप वाढतो.

त्यानंतर भिंतीला पाय रेटून पालथे सरकणे, मांडीपासून पाय मारणे आणि शेवटी हात.

विहिरीत उथळ भाग नसतो. म्हणून गावोगावी पाठीला रिकामा डबा, वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे तुकडे बांधून शिकवत. आधार पाठीवर असल्याने शरीर आडवे राहते. दंडावरच्या हवेच्या फुग्यांनी ते उभे राहते आणि चुकीची सवय लागते.

खोल पाण्यात उतरण्याआधी दमल्यावर उताणे होऊन निवांत श्वास घेता आला पाहिजे. तोवर, आणि त्यानंतरही, पट्टीचा पोहणारा सोबत असावा.