छातीतली धडधड आणि पहिला षड्ज

1901 साली स्पेनचे तरुण चेलोवादक पाब्लो कासाल्स अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट तामाल्पाइस या डोंगरावर सोबत्यांबरोबर फिरायला गेले असताना वरून एक दगड घरंगळत आला आणि त्यांचा डावा हात ठेचला गेला. चेलोच्या तारांवर सूर धरतो तो हाच हात. त्या क्षणी मनात पहिला विचार काय आला, हे कासाल्स यांनीच पुढे सांगून ठेवलं आहे. देवाची कृपा, आता पुन्हा कधी चेलो वाजवावा लागणार नाही!

हात बरा झाला. कासाल्स विसाव्या शतकातले सर्वांत मोठे चेलोवादक मानले गेले. 1961 साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींसमोर वाजवत होते. मात्र कार्यक्रमाआधीची धास्ती आयुष्यभर सुटली नाही, असं ते स्वतः सांगत. आपल्याकडे एखाद्या मुलीचे हात स्टेजवर कापले की "रियाज कमी पडला" असं सहज म्हटलं जातं. कासाल्स यांचा रियाज कमी पडला होता असं कोण म्हणेल?

मग ही धास्ती येते कुठून? मेंदूत खोलवर असलेला अमिग्डला हा छोटासा भाग धोक्याची चाहूल घेत असतो. त्यानं इशारा दिला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात अड्रेनॅलिन सोडतात. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 च्या आपल्या ग्रंथात या अवस्थेचं वर्णन केलं. लढायचं किंवा पळायचं, यासाठी सारं शरीर काही क्षणांत सज्ज होतं. समोर वाघ असो की जाणकार श्रोत्यांची पहिली रांग, तयारी तीच.

आता ही तयारी संगीतकाराला कुठे कुठे नडते ते पाहा. पळण्यासाठी मोठे स्नायू लागतात, म्हणून रक्त तिकडे वळतं. कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि बोटं गार पडतात. सतारियाला नेमकी तीच बोटं हवी असतात. पचन लांबणीवर पडतं, लाळ आटते आणि बासरीवाल्याचे ओठ सुकतात. श्वास आखूड होऊन छातीत वर चढतो, तर गायकाला लांब आणि एकसारखा श्वास हवा असतो. स्नायूंना बारीक कंप सुटतो. व्हायोलिनचा गज संथ ओढताना तो कंप थेट सुरात उतरतो. जिवावरच्या संकटातून वाचवणारी ही यंत्रणा इमानेइतबारे आपलं काम करत असते. तिला एवढंच कळत नाही, की इथे पळायचं नाही, मुलायम मींड घ्यायची आहे.

हा कंप रसायनांचा आहे याचा पुरावा औषधशास्त्रानं दिला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी हृदयविकारासाठी प्रोप्रॅनोलॉल हे औषध घडवलं. अड्रेनॅलिनचा हृदयावरचा परिणाम ते अडवतं. ब्लॅक यांना 1988 चं नोबेल पारितोषिक मिळालं त्यात या कामाचा वाटा होता. याच जातीच्या दुसऱ्या एका औषधाची चाचणी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांवर घेऊन 1977 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले गेले. औषध घेतल्यावर थरथर कमी झाली, वादन सुधारलं. मात्र ही गोळी म्हणजे खडीसाखर नव्हे. दम्याच्या रुग्णाला ती धोक्याची ठरू शकते; डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये.

पण गोष्ट रसायनांवर संपत नाही. वर्षानुवर्षांच्या रियाजानं तान गळ्यात बसते, म्हणजे ती जाणिवेच्या खाली, आपोआप घडू लागते. घाबरलेला कलावंत नेमकं तिथेच बोट ठेवतो. "आता तिसरं बोट कुठे पडेल?" असं स्वतःला विचारू लागतो आणि बसलेली गोष्ट विस्कटते. भराभर जिना उतरताना एकेका पायरीचा विचार केला की पाय अडखळतो, तसंच हे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगीताच्या विद्यार्थ्यांना कीबोर्डवर एक छोटा तुकडा वाजवायला दिला. कधी लक्ष बोटांवर ठेवायला सांगितलं, कधी पट्ट्यांवर, कधी पियानोच्या आतल्या हातोड्यांवर, कधी उमटणाऱ्या आवाजावर. लक्ष बोटांपासून जितकं दूर गेलं, तितकं वादन सफाईदार झालं. सुराकडे कान दिला की हात आपलं काम जाणतात!

त्याहून नवल वाटावं असा एक प्रयोग हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचा आहे. 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसासमोर कराओकेवर गायचं आणि गुण यंत्रानं द्यायचे. गाण्याआधी काहींनी "मला भीती वाटते आहे" असं म्हणायचं, काहींनी "मला उत्साह वाटतो आहे" असं, तर काहींनी काहीच नाही. भीती म्हणणाऱ्यांना सरासरी सुमारे 53 टक्के गुण मिळाले, गप्प राहिलेल्यांना 69 आणि उत्साह म्हणणाऱ्यांना 80. धडधड नाहीशी करावी लागली नाही. भीती आणि उत्साह, दोन्हींत छाती सारखीच धडधडते; ती कशाची, हे काही अंशी आपण ठरवू शकतो.

आणखी एक दिलासा. आपली घाबरगुंडी सगळ्या सभागृहाला दिसते आहे, असं स्टेजवरच्या माणसाला वाटतं. भाषण करणाऱ्यांवर केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी केलेल्या, 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की वक्त्यांना वाटली त्यापेक्षा त्यांची भीती श्रोत्यांना बरीच कमी जाणवली होती. एवढी माहिती आधी दिली, तरी वक्ते अधिक चांगलं बोलले.

हे सगळं वाचून आपली मैफल डोळ्यांसमोर आणली की थक्क व्हायला होतं. आधी तानपुरे जुळतात. तो वेळ गायकाचे कान स्वतःवरून काढून सुराकडे नेतो. मग येतो षड्ज, लांब श्वासाचा, शांतपणे लावलेला. श्वास घेताना हृदयाची गती वाढते, सोडताना मंदावते. दीर्घ सूर म्हणजे दीर्घ उच्छ्वासच. मग विलंबित लय. ताना, द्रुत, अवघड लयकारी हे सगळं नंतर, शरीर निवल्यावर. शिवाय तबलावादक शेजारी, पेटीवाला शेजारी. समेवर तिघं भेटतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात ब्यॉर्न विकहॉफ यांच्या गटाला 2013 मध्ये आढळलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयांची गती एकमेकांच्या जोडीनं कमी-जास्त होऊ लागते, कारण गाणं त्यांचे श्वास एका लयीत बांधतं. भीती घालवण्याच्या हेतूनं कुणी आपली मैफल रचली, असं म्हणायचं कारण नाही. पण भीतीवरचा उतारा तिच्या बांधणीतच आहे. ज्या गाण्याची धास्ती वाटते, तेच गाणं हृदयाला सावरतं!

म्हणून येत्या गुरुपौर्णिमेला क्लासच्या कार्यक्रमात गाणार असाल, तर आधी घरात दोघांसमोर गा, मग शेजाऱ्यांना बोलवा. जिना धावत चढून, छाती धडधडत असतानाच बंदिशीचा मुखडा घेऊन पाहा. ती अवस्था परकी राहणार नाही. स्टेजवर बसल्यावर घाई करू नका, कारण घाबरल्यावर लय नकळत चढते. षड्ज भरपूर वेळ लावा आणि कान तानपुऱ्याला द्या. आणि समोर बसून ऐकणार असाल, तर मोबाइल खिशात ठेवा आणि पहिल्या समेला मनापासून दाद द्या. ती वेळेवर मिळाली, की समोरच्या पोराचा पुढचा आलाप सुधारतो.