हेतू महत्त्वाचा की कृती? माणसाला कशावरून तोलायचं?



"माझा तसा हेतू नव्हता हो!" हे वाक्य आपण घरात, वर्गात, मैदानावर किती वेळा ऐकतो! कधी ते खरं असतं, कधी नुसती पळवाट असते. मग माणूस चांगला की वाईट हे ठरवताना त्याच्या मनातला हेतू बघायचा, की त्याने केलेली कृती? आज हाच प्रश्न जरा नीट समजून घेऊया.

आधी एक छोटी परीक्षा. एका मुलाला जेवायला हाक मारली म्हणून त्याने खोलीचं दार उघडलं. दारामागे कपांचा ट्रे होता, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दार लागून १५ कप फुटले. दुसरा मुलगा आई घरात नसताना कपाटातला जॅम चोरून खायला गेला आणि त्याच्या हातून १ कप फुटला. सांगा बरं, जास्त दोष कोणाचा?

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी अशा गोष्टी लहान मुलांना सांगून त्यांची उत्तरं तपासली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९३२ साली आलं. त्यांना असं दिसलं, की लहान मुलं बरेचदा फुटलेले कप मोजतात आणि १५ कपवाल्याला दोष देतात. वय वाढतं तशी मुलं "पण त्याने मुद्दाम कुठे केलं?" असं विचारू लागतात. म्हणजे हेतू ओळखणं ही समज वाढल्याची खूण आहे.

हेतूच्या बाजूने

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ सालच्या ग्रंथात दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. दुकानात लहान मूल आलं तरी तो भाव वाढवत नाही. वागणं अगदी प्रामाणिक! पण तो हे फक्त गिऱ्हाईक टिकावं म्हणून करत असेल तर? कांट म्हणतात, त्या कृतीला खरं नैतिक मोल नाही. ते मोल कर्तव्य म्हणून चांगलं वागण्यात आहे.

कृतीच्या बाजूने

इंग्लंडचे जॉन स्टुअर्ट मिल यांचं मत वेगळं आहे. बुडणाऱ्या माणसाला कोणी कर्तव्य म्हणून वाचवलं काय किंवा बक्षिसाच्या आशेने वाचवलं काय, वाचवणं योग्यच! मात्र वाचवणारा माणूस कसा आहे, हे समजायला त्यामागची प्रेरणा उपयोगी पडते, हेही ते मान्य करतात.

इथे नीट लक्ष द्या. आपण दोन प्रश्न एकत्र करतो म्हणून गोंधळ होतो. "हे काम बरोबर होतं का?" हा एक प्रश्न. "हा माणूस कसा आहे?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देताना कृतीकडे आणि तिच्या परिणामांकडे बघावंच लागतं. दुसऱ्याचं उत्तर हेतू समजल्याशिवाय देता येत नाही.

मग चांगला हेतू असला की सुटका झाली का?

नाही! पंचतंत्रातलं माकड आठवा. झोपलेल्या राजावरची माशी हाकलायला त्याने तलवार चालवली. हेतू सेवेचा, पण जीव राजाचा गेला. आपला कायदाही हे दोन्ही बघतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाला जन्मठेप किंवा फाशी आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला, तर साधारणपणे जास्तीत जास्त ५ वर्षांची कैद आहे. दोन्हीकडे माणूसच गेला, पण हेतू वेगळा म्हणून शिक्षा वेगळी. तरीही निष्काळजी माणूस सुटत नाही. त्याच कायद्यानुसार, योग्य काळजी न घेता केलेली गोष्ट 'सद्भावनेने' केली असं म्हणताच येत नाही. म्हणजे "माझं मन साफ होतं" एवढं पुरत नाही. मन साफ असेल तर आधी काळजी घेतलेली दिसायला हवी.

श्रावणबाळाची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. दशरथाला वाटलं, हत्ती पाणी पितोय. त्याने न बघता आवाजाच्या दिशेने बाण सोडला. श्रावणाला मारायचा त्याचा हेतू नव्हता, म्हणून त्याला खुनी म्हणणं अन्याय होईल. पण न बघता बाण सोडला, हा दोष त्याचाच. पुढे मात्र तो पळून गेला नाही. पाणी घेऊन आंधळ्या आईवडिलांकडे गेला आणि झालेलं खरं सांगितलं. चूक झाल्यावर माणूस काय करतो, हीसुद्धा कृतीच आहे आणि तिच्यातून त्याचं मन दिसतं.

आपण काय करायचं?

मित्रांनो, स्वतःची चूक झाली की आपण हेतू सांगतो आणि दुसऱ्याची झाली की फक्त परिणाम मोजतो. हे माप उलटं करून बघा. मित्राने दुखावलं तर निकाल देण्याआधी त्याला विचारा, "तुला काय करायचं होतं?" आपल्या हातून कोणी दुखावलं, तर हेतू सांगण्याआधी झालेलं नुकसान भरून द्या. आणि कोणी "हेतू चांगला होता" म्हणत तीच चूक परत परत करत असेल, तर त्याच्या शब्दांपेक्षा कृतीवर जास्त विश्वास ठेवा.

आता तुमची पाळी. एखाद्याने फक्त फोटो छापून यावा म्हणून गरीब मुलांना वह्या वाटल्या. ते काम चांगलं का? तो माणूस चांगला का? दोन्ही उत्तरं कारणांसह वहीत लिहा.